तक्रार ऐकायची कुणी?

(नरसी नामदेव येथे नामदेवरायांच्या स्मरणार्थ दिलेले व्याख्यान)



नामदेवरायांच्या गावात येऊन कायद्यावर बोलायचं म्हणजे थोडं धाडसच आहे. इथं माणूस अभंग ऐकायला येतो, कलमं ऐकायला नाही. तरी विषय मी जाणूनबुजून निवडला आहे. एखाद्या माणसाला जातीवरून डावललं, धर्मावरून, बाई म्हणून किंवा अपंग म्हणून डावललं, तर त्याचं गाऱ्हाणं त्याच्या गावच्या किंवा शहराच्या कारभारानं कसं ऐकावं आणि त्याचा निकाल कसा लावावा, हा तो विषय. मी न्यायालयाबद्दल किंवा पोलीस ठाण्याबद्दल बोलत नाही. ज्यांच्या ताब्यात नळ आहे, रस्ता आहे, घाट आहे, स्मशानाची जागा आहे, त्या नगरपालिकेबद्दल आणि ग्रामपंचायतीबद्दल बोलतो आहे.

या प्रश्नाची सुरुवात आपल्या मुलखात फार जुनी आहे. औंढा नागनाथाची कथा तुम्ही मला सांगावी, मी तुम्हाला नव्हे. देवळासमोर कीर्तन करणाऱ्या नामदेवांना तिथून उठवलं, ते मागच्या अंगाला जाऊन बसले, आणि देऊळच त्यांच्याकडे तोंड करून फिरलं. शिखांच्या गुरु ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदं आहेत, त्यांतही हा प्रसंग आला आहे. म्हणजे ही केवळ आपल्या भागातली सांगोवांगी नाही, पंजाबातल्या घुमानपर्यंत गेलेली आठवण आहे. भक्त या कथेत चमत्कार पाहतो. मला तिच्यात एक कारभारी अडचण दिसते. उठवणारे कोण? देवळाचे पुजारी. गाऱ्हाणं न्यायचं कुणाकडे? त्याच पुजाऱ्यांकडे. त्यांच्या वर कुणी नाही, दुसरी पायरी नाही. ज्याच्याविरुद्ध तक्रार तोच न्यायाधीश असला की अपील थेट देवाकडेच करावं लागतं. नामदेवांचं अपील मंजूर झालं, आणि अंमलबजावणीही जागच्या जागी झाली.

चोखोबांचं झालं नाही. मंगळवेढ्याला गावकुसाचं काम चालू असताना भिंत कोसळली आणि १३३८ साली ते तिच्याखाली गेले. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपुरात आणल्या आणि महाद्वारासमोर समाधी बांधली. समोर म्हणजे बाहेर. चोखोबांच्या लोकांना आत जायला १९४७ साल उजाडावं लागलं. त्यासाठी साने गुरुजींना पंढरपुरात प्राण पणाला लावून उपोषण करावं लागलं. एका तक्रारीच्या निकालाला सहाशे वर्षं लागली.

आता महाडला जाऊ. चवदार तळं आपण सत्याग्रहामुळे ओळखतो आणि ते योग्यच आहे. पण आज मला बघायची आहे ती महाडची नगरपालिका. भेदभावाच्या प्रश्नावर एका शहराच्या कारभारानं निर्णय घेतला, तो मागे घेतला, आणि मग तोच प्रश्न न्यायालयात गेला, असं इतक्या तारीखवार दिसणारं दुसरं उदाहरण महाराष्ट्रात मला ठाऊक नाही.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सरकारी पैशातून बांधलेल्या किंवा सांभाळल्या जाणाऱ्या पाणवठ्यांचा, विहिरींचा, धर्मशाळांचा, शाळांचा, दवाखान्यांचा वापर अस्पृश्यांना करू द्यावा, असा तो ठराव. सप्टेंबरात सरकारनं खात्यांना तशा सूचना धाडल्या. महाड नगरपालिकेत सुरबानाना टिपणिसांसारखी माणसं होती. ५ जानेवारी १९२४ रोजी पालिकेनं चवदार तळं सर्वांना खुलं केल्याचा ठराव केला. मुंबई इलाख्यातल्या पुष्कळ पालिकांनी बोल्यांच्या ठरावाकडे डोळेझाक केली, तिथं महाडनं पाऊल उचललं याचं श्रेय महाडला द्यायलाच हवं. पण ठराव झाला आणि तिथंच थांबला. तळ्यावर जाणाऱ्याला कुणी अडवलं तर त्यानं कुणाकडे जायचं, पालिकेनं अडवणाऱ्याला काय करायचं, यासाठी कसलीही रीत ठरली नव्हती. बोल्यांना ही खोच कळली असावी. १९२६ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी पुन्हा ठराव आणला: ज्या पालिका आणि लोकल बोर्डं हे अमलात आणणार नाहीत त्यांचं अनुदान रोखावं. हक्क जाहीर करून भागत नाही, तो न देणाऱ्या संस्थेच्या तिजोरीला हात लागला पाहिजे, हे या माणसानं शंभर वर्षांपूर्वी ओळखलं होतं.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब महाडला भरलेल्या परिषदेच्या लोकांसह तळ्यावर गेले, पाणी प्यायले. पुढचं तुम्हाला माहीत आहे. ही माणसं आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी अफवा उठली, जेवायला बसलेल्यांवर लाठ्या चालल्या, आणि मग १०८ घागरी पाणी उपसून पंचगव्यानं तळ्याचं शुद्धीकरण झालं. पाणी उपसून पुन्हा त्याच तळ्यात पंचगव्य घालायचं, याचा हिशेब मला अजून लागलेला नाही.

आणि नगरपालिका? ४ ऑगस्ट १९२७ रोजी तिनं आपला १९२४ चा ठराव मागे घेतला. तारीख बघा. बोल्यांचा ठराव मंजूर झाल्याला बरोबर चार वर्षं त्या दिवशी झाली. योगायोगच, पण बोचणारा.

या दोन ठरावांत एक गोष्ट समान आहे. १९२४ ला हात वर झाले, तळं उघडलं. १९२७ ला हात वर झाले, तळं मिटलं. दोन्ही वेळा मतदान झालं. तक्रार नोंदवून घ्यायची, दोन्ही बाजू ऐकायच्या, पुरावा बघायचा, कारणं लिहून निकाल द्यायचा, अशी रीतच पालिकेकडे नव्हती. माणसाचा हक्क बहुमतावर ठेवला की बहुमत बदललं की हक्क संपतो. १९२४ चे उदार सभासद आणि १९२७ चे भित्रे सभासद यांच्यात मी फार फरक करणार नाही. मतदार दोन्ही वेळा सवर्णच होते. १९२७ मध्ये ते जागे झाले होते, एवढंच.

पालिकेत जे व्हायला हवं होतं ते मग दिवाणी न्यायालयात झालं. डिसेंबर १९२७ च्या दुसऱ्या परिषदेच्या तोंडावर, १२ डिसेंबरला, महाडच्या काही सवर्ण मंडळींनी दावा लावला: तळं आमचं आहे, तिथं अस्पृश्यांनी यायचं नाही अशी वहिवाट आहे. दोनच दिवसांत तात्पुरता मनाईहुकूम मिळाला. बाबासाहेबांनी तो पाळला. २५ डिसेंबरला मनुस्मृती जळली, पण तळ्यावरचा सत्याग्रह त्यांनी थांबवला. जमलेल्या हजारो माणसांना थोपवणं सोपं नसेल. बॅरिस्टर आंबेडकरांना कळत होतं की हा हुकूम मोडून जे मिळेल ते एका दिवसाचं असेल.

मग सुरू झाला खटला. खालच्या न्यायालयानं जून १९३१ मध्ये दावा फेटाळला. अपील ठाण्याला, ते जानेवारी १९३३ मध्ये फेटाळलं. पुन्हा अपील मुंबई उच्च न्यायालयात. ‘नरहरी दामोदर वैद्य विरुद्ध भीमराव रामजी आंबेडकर’ या नावानं ते नोंदलं आहे. १७ मार्च १९३७ रोजी न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि न्यायमूर्ती वाडिया यांनी ते फेटाळलं. वीस मार्चच्या सत्याग्रहाला दहा वर्षं व्हायला तीन दिवस कमी होते.

हा निकाल वाचावा असा आहे, आणि वाचताना निराशही करणारा आहे. त्यात माणुसकीवर भाषण नाही, समतेची घोषणा नाही. वादींनी सांगितलेली वहिवाट अनादिकाळापासूनची आहे हे त्यांना सिद्ध करता आलं नाही, एवढंच न्यायालय म्हणतं. म्हणजे अस्पृश्य जिंकले ते त्यांचा हक्क मान्य झाला म्हणून नव्हे, समोरच्याचा पुरावा अपुरा पडला म्हणून. काही विद्वानांना यात कमीपणा वाटतो. मला उलट वाटतं. पुरावा कुणी द्यायचा, हाच भेदभावाच्या तक्रारीतला मधला खांब आहे. एरवी डावललेल्या माणसाला सिद्ध करावं लागतं की मला डावललं. महाडच्या खटल्यात डावलणाऱ्याला सिद्ध करावं लागलं की मला डावलायचा अधिकार आहे. ओझं त्या खांद्यावरून या खांद्यावर आलं आणि खटला संपला. मात्र त्याला नऊ वर्षं तीन महिने लागले. एका तळ्यासाठी.

तेव्हा आपण इथले लोक कुठं होतो? आपण मुंबई इलाख्यात नव्हतोच. नरसी, हिंगोली, सारा परभणी जिल्हा निजामाच्या राज्यात होता. बोल्यांचा ठराव, सरकारची परिपत्रकं, मुंबईचं उच्च न्यायालय, यांतलं काहीच इलाख्याची हद्द ओलांडून इकडे लागू होत नव्हतं. पोलीस कारवाईनंतर फसली १३५८ मध्ये, म्हणजे १९४८-४९ च्या सुमारास, हैदराबाद संस्थानात हरिजन मंदिरप्रवेशाचं आणि सामाजिक असमर्थता दूर करण्याचं अशी दोन फर्मानवजा विनियमनं निघाली. १९५५ च्या केंद्रीय कायद्यानं ती रद्द करून आपल्यात सामावून घेतली. जेमतेम सहा वर्षांचं त्यांचं आयुष्य.

त्या १९५५ च्या कायद्यापाशी जरा थांबायला हवं. अस्पृश्यता (अपराध) अधिनियम हे त्याचं मूळ नाव. १९७६ मध्ये तो नागरी हक्क संरक्षण अधिनियम झाला. त्याच्या चौथ्या कलमातली यादी वाचली की गावाचा नकाशाच समोर येतो: नदी, झरा, विहीर, तळं, हौद, नळ, घाट, स्मशान, शौचालय, रस्ता. यांतलं बहुतेक सगळं ग्रामपंचायतीच्या किंवा नगरपालिकेच्या ताब्यातलं. पण यांपैकी कुठंही कुणी अडवलं तर उपाय एकच: गुन्हा. शिक्षा कमीत कमी एक महिना, जास्तीत जास्त सहा महिने, आणि दंड शंभर ते पाचशे रुपये. १९८९ चा अत्याचार प्रतिबंध कायदा आला, तो अधिक कडक, तोही फौजदारीच. २०१६ चा आपल्या राज्याचा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा, जो ३ जुलै २०१७ पासून लागू आहे, त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. जातपंचायतींना चाप लावणारा असा कायदा करणारं महाराष्ट्र हे पहिलं राज्य, हे खरं आणि अभिमानाचं आहे. हाही फौजदारी.

या कायद्यांच्या विरोधात मी बोलत नाही. अत्याचाराला शिक्षा झालीच पाहिजे, आणि ज्यांना हे कायदे जाचक वाटतात त्यांनी ते कुणाला जाचक वाटतात हे स्वतःला विचारावं. पण एक बाई नळावर पाणी भरायला गेली आणि तिला शेवटी उभं राहा म्हणाले. एका वाड्याच्या अंत्ययात्रेला स्मशानाच्या रस्त्यावर अडवलं. अंगणवाडीत एका पोराची ताटली वेगळी ठेवली. अशा माणसापुढे दोनच दारं आहेत. एक, पोलीस ठाणं: गुन्हा, अटक, खटला, गावाशी वैर, साक्षीदार फितूर. दोन, गप्प बसणं. या दोहोंमध्ये तिसरं दार नाही, जिथं माणूस जाऊन म्हणेल, मला कुणाला तुरुंगात घालायचं नाही, मला माझा नळ हवा आहे.

हे दार नसलं की काय होतं, याचं एक उदाहरण कराडचं आहे. तिथल्या शासकीय औषधनिर्माण महाविद्यालयातल्या एका कर्मचाऱ्याच्या गोपनीय अहवालात वरिष्ठांनी प्रतिकूल शेरे लिहिले. ते जातीमुळे लिहिले, असं त्याचं म्हणणं. ते खरं की खोटं, हे शांतपणे ऐकून ठरवणारी जागा असती तर तिथं चार कागद मागवले असते, इतरांचे अहवाल शेजारी ठेवून पाहिले असते. तशी जागा नव्हती. प्रकरण अत्याचार कायद्याखाली गुन्हा म्हणून नोंदलं, पुढे खटल्याला मंजुरी नाकारणाऱ्या अधिकाऱ्यापर्यंत पोचलं आणि तिथून सर्वोच्च न्यायालयात गेलं. २० मार्च २०१८ रोजी त्यावर निकाल आला, अटकेपूर्वी चौकशी आणि परवानगीच्या अटी घालणारा. पुन्हा वीस मार्च! देश पेटला, २ एप्रिलला बंद झाला, संसदेनं ऑगस्टमध्ये कायदा दुरुस्त केला, आणि १ ऑक्टोबर २०१९ रोजी न्यायालयानं आपल्याच त्या सूचना मागे घेतल्या. कार्यालयातल्या एका शेऱ्याची तक्रार ऐकायला खिडकी नव्हती, म्हणून सगळा देश ढवळून निघाला.

कुणी म्हणेल, गावात तंटामुक्ती समिती आहे की. आहे. १५ ऑगस्ट २००७ पासून ती मोहीम चालू आहे. शेताच्या बांधाचे, घरगुती भांडणांचे, किरकोळ मारामारीचे किती तंटे तिनं मिटवले हे मला मान्य आहे. पण भेदभावाच्या तक्रारीला तिची घडणच उलटी आहे. गाव तंटामुक्त ठरलं तर लोकसंख्येप्रमाणे बक्षीस मिळतं. म्हणजे तक्रार झाली तर गावाचं नुकसान, मिटली तर फायदा. मग मिटवायचं कुणाला? ज्यानं तक्रार केली त्यालाच ना. ‘गावाचं नाव खराब करू नको’ हे वाक्य मराठवाड्यात किती बायकांनी आणि किती बापांनी ऐकलं असेल. तंटा नाही याचा अर्थ अन्याय नाही असा होत नाही. पुष्कळदा तो उलटा होतो.

आता तुम्हाला जरा लांब नेतो, अमेरिकेच्या सिएटल शहरात. २१ फेब्रुवारी २०२३ रोजी तिथल्या नगर परिषदेनं सहा विरुद्ध एक मतानं ठराव करून जातीवरून भेदभाव करायला शहरात बंदी घातली. असं करणारं ते अमेरिकेतलं पहिलं शहर. प्रस्ताव मांडणाऱ्या क्षमा सावंत पुण्यात जन्मलेल्या, मुंबईत वाढलेल्या, आणि स्वतः ब्राह्मण घरातल्या. विरोध करायला आणि पाठिंबा द्यायला आलेल्यांत भारतीयच अधिक, आणि विरोधकांचं म्हणणं असं की यामुळे एका समाजावर संशयाचा शिक्का बसतो. त्या म्हणण्यात काहीच दम नाही असं मी म्हणणार नाही. पण कायद्यानं कुठल्या धर्माचं नाव घेतलेलं नाही, आणि वंशावरून भेदभावाला बंदी घातली म्हणून गोऱ्यांवर शिक्का बसला असं कुणी म्हणत नाही.

सिएटलमध्येही हात वरच झाले, हे तुम्ही म्हणाल. खरं आहे, आणि महाडप्रमाणे ते उद्या खालीही येऊ शकतात. फरक ठरावानंतरचा आहे. शहराचं नागरी हक्क कार्यालय आहे. तिथं फुकट तक्रार नोंदवता येते. नोंदली की समोरच्याला कळवतात. तपास करणारा पगारी अधिकारी दोघांचाही वकील नसतो. तो दोघांना विचारतो, कागद मागतो, साक्षी घेतो. मग तो लेखी निष्कर्ष देतो: भेदभाव झाला असं मानायला सबळ कारण आहे, किंवा नाही. नाही म्हणाला तर तक्रारदाराला शहराच्या मानवी हक्क आयोगाकडे दाद मागता येते. आहे म्हणाला तर आधी समेटाचा प्रयत्न. तो फसला तर शहराचा वकील प्रकरण सुनावणी अधिकाऱ्यापुढे नेतो. तक्रार केली म्हणून कुणी त्रास दिला, कामावरून काढलं, तर तो वेगळा अपराध. महाडच्या जेवणावळीवर पडलेल्या लाठ्या आठवल्या तर हे शेवटचं कलम किती मोलाचं आहे ते कळेल.

क्रम नीट बघा. आधी शोध, त्यावर लेखी निष्कर्ष, आणि मग समेट. तिथंही कुणी आधीच मिटवू म्हणालं तर मिटवता येतं, पण कागदावर, करार करून. आपल्याकडे समेट पहिला असतो, म्हणून निष्कर्ष कधी निघतच नाही. काय घडलं ते ठरवण्याआधीच ‘झालं गेलं विसरा’ म्हणायचं. मग पुढच्या वर्षी, त्याच नळावर, पुन्हा पहिल्यापासून.

सिएटलला डोक्यावर घेऊन नाचायचं कारण नाही. शहराचा कायदा शहराच्या हद्दीपुरता. मायक्रोसॉफ्टचं मोठं ठाणं शेजारच्या रेडमंडमध्ये आहे. हद्द ओलांडली की तो कायदा संपला. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळानं जातीबद्दलचं विधेयक मंजूर केलं आणि राज्यपालांनी ऑक्टोबरमध्ये ते नाकारलं. तरीही शहरानं हे काम करायचं असतं ही कल्पना तिथं जुनी आहे. न्यू यॉर्क शहरानं खासगी घरं भाड्यानं देण्यातल्या भेदभावाविरुद्ध १९५७ साली कायदा केला. आपल्याकडे मुंबई-पुण्यात घर शोधणाऱ्या मुसलमानाला, दलिताला, मांसाहारी मराठी माणसाला, एकट्या बाईला ‘सोसायटीचा नियम आहे’ म्हणून परत पाठवतात, आणि महापालिकेकडे त्याची तक्रार घ्यायला टेबलसुद्धा नाही. उलट २००५ साली अहमदाबादच्या पारशी सोसायटीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सभासदत्व आपल्याच समाजापुरतं ठेवायचा सोसायटीचा उपविधी ग्राह्य धरला. सच्चर समितीनं २००६ मध्ये समान संधी आयोगाची शिफारस केली, माधव मेनन यांच्या गटानं २००८ मध्ये त्याचा मसुदाही करून दिला. तो आयोग अजून झालेला नाही.

मग काय करायचं? आपल्याच घरातली एक वस्तू दाखवतो. २०१५ चा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम. जन्माचा दाखला, रहिवासाचा दाखला, नळजोडणी: प्रत्येक सेवेला जबाबदार अधिकारी ठरलेला, मुदत ठरलेली, अर्जाची पोच मिळते, नाकारलं तर कारण लेखी द्यावं लागतं, पहिलं अपील, दुसरं अपील, वर आयोग, आणि कसूर करणाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंड. म्हणजे दाखला उशिरा मिळाला तर आपण अधिकाऱ्याला दंड करू शकतो. पण तोच दाखला देताना खिडकीवरच्या माणसानं आडनाव वाचून अपमान केला, तर त्याला पोच नाही, मुदत नाही, अपील नाही. यंत्रणा कशी बांधायची हे आपल्याला येत नाही असं कुणी म्हणू नये. येतं. कागदासाठी बांधली आहे, वागणुकीसाठी बांधलेली नाही.

ही सुनावणी कुणी करावी, यावर माझं मत इथल्या काही मंडळींना रुचणार नाही, कारण समोर दोन-तीन सरपंच बसले आहेत. सरपंचानं करू नये. नगराध्यक्षानं करू नये. सभागृहानं तर मुळीच नाही. महाडनं तेच दाखवलं. ज्याला पुढच्या निवडणुकीत त्याच आळीत मतं मागायची आहेत त्याच्यावर हा भार टाकणं त्याच्यावरही अन्याय आहे. ग्रामपंचायत आणि पालिका या सुनावणीत प्रतिवादी म्हणून उभ्या राहाव्यात: नळ तुमचा, स्मशान तुमचं, सांगा काय झालं. ऐकणारा तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या पातळीवरचा अधिकारी असावा, त्याच्यासोबत बाहेरची दोन माणसं असावीत, त्यांतली एक बाई. साठ दिवसांत कारणांसह निकाल द्यावा. पहिला हुकूम शिक्षेचा नको, उघडण्याचा असावा: उद्यापासून हा नळ सगळ्यांना, आणि पंचायतीनं तसा फलक लावून अहवाल द्यायचा. जी पंचायत ऐकणार नाही तिच्या निधीला कात्री. बोल्यांनी १९२६ मध्ये मागितलं तेच. मराठवाड्यात कितीतरी गावांत जातवार स्मशानं आहेत आणि त्यांची शेडं सरकारी निधीतून उभी राहिली आहेत, हे आपण सगळे जाणतो. शेड बांधण्याआधी ‘हे सर्वांसाठी खुलं आहे का’ एवढा एक प्रश्न मंजुरीच्या कागदावर असता तर?

आणखी एक कार्यालय, आणखी एक साहेब, आणखी चकरा, असं तुम्ही म्हणाल. आक्षेप रास्त आहे. म्हणून आहे त्यातूनच सुरुवात करता येते. अत्याचार प्रतिबंध कायद्याच्या १९९५ च्या नियमांत सतरावा नियम आहे. प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली दक्षता व नियंत्रण समिती असली पाहिजे, तिची तीन महिन्यांतून किमान एकदा बैठक झाली पाहिजे. उपविभागालाही तशीच समिती आहे. आज या समित्या मुख्यतः गुन्ह्यांची संख्या, तपासाची स्थिती आणि मदतीची रक्कम पाहतात. त्यांच्या विषयपत्रिकेवर नळ, स्मशान आणि रस्ता आणायला नवा कायदा लागत नाही, मागणी लागते.

ती मागणी नरसीतून करता येईल. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ ला झाला. तेव्हापासून समितीच्या बैठकांचं इतिवृत्त जिल्ह्याच्या ठिकाणीच असायला हवं. माहितीच्या अधिकारात ते मागा. बैठका कोणत्या तारखांना झाल्या, सार्वजनिक पाणवठे आणि स्मशानभूमी यांचा विषय त्यांत कधी आला का, आला असेल तर कुठल्या पंचायतीला काय कळवलं आणि तिनं काय उत्तर दिलं. अर्जाला दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लागतं, उत्तर तीस दिवसांत यायला हवं, आणि नाही आलं तर पहिलं अपील हिंगोलीतच करता येतं.